शेडमध्ये सापडलेली स्टिंग-रे: ठेवायची, नटवायची की विकायची?

शिकागोच्या उपनगरात जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणाचा ना कोणाचा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतोच. "अरे, मागच्या शेडमध्ये एक सायकल निघालीय. चाकं लहान, सीट केळ्यासारखी लांबडी, हँडल पार आभाळात. गंजलीय बरीच. गुरुवारी कचऱ्यात ठेवू का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं: कचऱ्यात ठेवू नकोस, धुऊ नकोस, मुलाला चालवायलाही देऊ नकोस. आधी फोटो पाठव.

मी काही व्यापारी नाही. पुण्यात आमच्या वाड्याच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. तिथे बसून मी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकलो, आणि ज्याला सगळं पुणं ‘ओव्हरऑइल’ म्हणायचं ते ओव्हरहॉलिंगही शिकलो. इकडे आल्यावर या अमेरिकन सायकलींचा नाद लागला. आजवर पाच-सहा हाताखालून गेल्या, त्यातली एक मी स्वतःच्या हाताने बिघडवली. तीही गोष्ट पुढे येईल.

ही सायकल आहे तरी काय

इथे तिला ‘मसल बाइक’ म्हणतात. साठच्या दशकात दणकट इंजिनांच्या गाड्यांचं आणि लांब फोर्कच्या (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा) मोटरसायकलींचं वेड होतं, त्याची ही पोरांसाठीची आवृत्ती. कॅलिफोर्नियातली मुलं वीस इंची सायकलींना उंच हँडल आणि लांब सीट स्वतःच जोडून हिंडत होती. श्विन कंपनीतल्या अल फ्रिट्झ यांच्या कानावर ही खबर आली, त्यांनी तसलीच सायकल कारखान्यात बनवून घेतली आणि १९६३ मध्ये ‘स्टिंग-रे’ बाजारात आली. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. हफी, मरे, सिअर्स या इतर कंपन्यांनीही तसल्या सायकली काढल्या. इंग्लंडातल्या रॅलेने ‘चॉपर’ काढली.

श्विनने १९६८ मध्ये ‘क्रेट’ मालिका आणली: ऑरेंज क्रेट, लेमन पीलर, ॲपल क्रेट, पी पिकर. पुढे पांढरी कॉटन पिकर आणि करडी ग्रे घोस्ट. पुढचं चाक सोळा इंची, त्याला ड्रम ब्रेक, स्प्रिंगचा फोर्क, आणि आडव्या नळीवर मोटारीसारखा गिअरचा दांडा. १९७३ नंतर क्रेट बंद झाल्या. पोरगं पुढे घसरलं की तो दांडा नेमका कुठे लागायचा हे वेगळं सांगायला नको.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलं आज पासष्टी-सत्तरीत आहेत. या सायकली विकत घेणारे तेच, आणि ज्यांची घरं रिकामी होताना शेडमधून त्या बाहेर पडतात तेही तेच. बाजार समजायला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पहिली पायरी: हात बांधून बसा

सायकल दिवसाउजेडी बाहेर काढा आणि आहे तशीच तिचे फोटो काढा. धूळ असू द्या. दोन्ही बाजू, समोरून, मागून, चेनगार्डवरचं नाव, सीटच्या खालचा भाग, हँडलच्या मुठी, टायरवरची अक्षरं. सायकल जिथे होती ती जागाही झाडून बघा. रिफ्लेक्टर, मुठीची टोपी, एखादा मडगार्डचा पत्रा तिथेच पडलेला असतो.

टायर तडकलेला असला तरी टाकू नका. मागच्या चाकावर खाचा नसलेला, गुळगुळीत टायर असेल आणि त्यावर श्विनचं ‘स्लिक’ असं नाव असेल, तर तो वापरायच्या लायकीचा नसला तरी विकायच्या लायकीचा असतो.

दुसरी पायरी: तिची जन्मपत्रिका वाचा

श्विनचा नंबर १९६९ पर्यंतच्या सायकलींवर फ्रेममध्ये मागचं चाक बसतं त्या डाव्या खाचेपाशी ठोकलेला असतो, १९७० च्या सुमारापासून पुढच्या हेडच्या नळीवर, म्हणजे हँडल जिच्यात उतरतं तिच्यावर. १९६५ पासूनच्या नंबरात सुरुवातीची दोन अक्षरं महत्त्वाची. पहिलं महिना सांगतं: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एम म्हणजे डिसेंबर, मधलं आय वगळलेलं. दुसरं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे १९६५, बी १९६६, एच १९७२; इथेही आय गाळून जे म्हणजे १९७३. नंबर ‘जी-डी’ने सुरू झाला, तर तो जुलै १९६८ मध्ये ठोकला. सायकल जोडून दुकानात गेली ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, त्यामुळे महिन्यावरून फार वाद घालू नका.

नंबरावरून मॉडेल मात्र कळत नाही, आणि फसवणूक होते ती इथेच. क्रेट आणि साधी स्टिंग-रे यांची फ्रेम जवळपास सारखीच असते. स्प्रिंगचा फोर्क, छोटं चाक, नवी सीट लावली, नारिंगी रंग मारला की ‘ऑरेंज क्रेट’ तयार. म्हणून सीटची नळी बाहेर काढा आणि फ्रेमच्या आत टॉर्च मारा. खाली पायडलचा आस ज्यात फिरतो त्या कवचाचा तळ बघा, सीटच्या क्लॅम्पखालची पट्टी बघा. रंगवणाऱ्याचा हात या तीन जागी आळसावतो. बाहेर नारिंगी आणि तळाशी जांभळा दिसला, तर ती क्रेट म्हणून जन्मलेली नाही.

१९९०च्या दशकाच्या शेवटी श्विनच्या नावाने क्रेट पुन्हा काढल्या गेल्या, त्याही फिरत असतात. दिसायला देखण्या, पण शिकागोच्या कारखान्यातल्या नव्हेत. तिथल्या जुन्या फ्रेमचे सांधे इतके सफाईने वितळवून जोडलेले असतात की नळी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते बोटाला कळत नाही. एकदा बोट फिरवून बघा.

रॅलेची चॉपर निघाली असेल तर मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बघा. स्टर्मी-आर्चर या कंपनीच्या हबवर वर्ष आणि महिना बहुधा कोरलेला असतो. फक्त हब नंतर बदललेला नाही ना, एवढी खात्री करा.

तिसरी पायरी: काय काय नाही त्याची यादी

नवखा माणूस गंज बघून घाबरतो. मी गंजाकडे नंतर बघतो. आधी बघतो काय गायब आहे. गंज बराचसा निघतो. १९६९ च्या क्रेटचा हरवलेला गिअरचा दांडा मात्र शोधून, हुडकून, घासाघीस करून आणावा लागतो, आणि असे तीन-चार तुकडे आणले की सायकलीपेक्षा तुकडे महाग पडतात.

सीट फाटली असेल तर फार काळजी नको, तशीच नवी मिळते. मुठी, पायडल, रिफ्लेक्टर यांच्या नकला मिळतात. चेनगार्ड मात्र जपा. त्यावरचं नाव छापलेलं असतं. ते थिनरने पुसलं गेलं की परत येत नाही, आणि नवं छापलेलं जाणकाराला दहा फुटांवरून कळतं. फ्रेम वाकलेली आहे का ते बघायला दूर उभे राहून मागचं चाक पुढच्या चाकामागे झाकलं जातंय का ते पाहा. हेडच्या नळीखाली रंगाला सुरकुती पडली असेल, तर कोणीतरी ती जोरात आपटलेली आहे.

चौथी पायरी: तळहाताएवढी जागा

पूर्ण सायकल साफ करायला घेऊ नका. तळहाताएवढ्या दोन जागा घ्या, एक क्रोमची आणि एक रंगाची.

क्रोमसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. काळपट चिखल निघेल, तो पुसा. खाली आरसा दिसला तर नशीब. बारीक काळे ठिपके राहिले तर तेही चालतं. पापुद्रे सुटून पिवळसर-राखाडी पत्रा दिसला, तर तिथलं क्रोम संपलं, ते घासून येणार नाही.

रंगासाठी भांड्यांचा सौम्य साबण, कोमट पाणी, जुन्या बनियनचा तुकडा. इथेच मी माती खाल्ली. माझ्याकडे लाल स्टिंग-रे होती, साल १९६६. साबणाने छान निघाली, तशी मला हाव सुटली आणि मोटारीचं पॉलिश घेऊन बसलो. बनियन लाल व्हायला लागलं. मला वाटलं, वा, वरचा मळका थर निघतोय. दहा मिनिटांनी आडव्या नळीवर रुपयाएवढा चंदेरी डोळा उघडला. श्विनचे असे कित्येक रंग चंदेरी थरावर दिलेला पातळ, पारदर्शक रंग असतात, काचेच्या बांगडीसारखे. वरचा थर पातळ झाला की चांदी दिसते. तो डाग आजही आहे. तेव्हापासूनचा माझा नियम: फडक्याला सायकलीचा रंग लागला की फडकं खाली ठेवायचं.

या दोन जागा काय सांगतात त्यावर पुढचा रस्ता ठरतो. खालून मूळ रंग आणि बऱ्यापैकी क्रोम निघालं, तर सायकल रंगवायची नाही, बस. तिच्यावर ओरखडे असोत, स्टिकर अर्धं फाटलेलं असो. मूळ रंग एकदाच मिळतो. तुम्ही हजार डॉलर घालून नवा दिलात तरी जाणकार गिऱ्हाईक विचारतं, "खाली काय होतं?"

ठेवायची असेल तर

बहुतेकांना मी हाच रस्ता सांगतो: साफ करा, ओव्हरऑइल करा, चालवा. रंगकाम नाही. एक-दोन शनिवार-रविवार आणि टायर-ट्यूब-ग्रीसचा खर्च.

या सायकलींचं क्रँक एकसंध असतं, म्हणजे दोन्ही बाजूंचे दांडे आणि मधला आस मिळून एकच लोखंड. आपल्याकडच्या कॉटर-पिनच्या क्रँकची सवय असलेला माणूस इथे गोंधळतो. डावं पायडल काढा; त्याचे आटे उलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मग डाव्या बाजूचा मोठा नट, त्याचेही आटे उलटे. आतला कोन, म्हणजे छर्‍यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट, तोही तसाच. एका ओळखीच्या पठ्ठ्याने सरळ आटे समजून पान्याला पाइप लावला आणि नट असा आवळला की शेवटी कापावा लागला. सगळं सुटलं की क्रँक उजवीकडे तिरकं करत बाहेर ओढायचं. छर्‍यांच्या पिंजऱ्याचं तोंड कुठे होतं त्याचा फोटो काढा, नंतर आठवत नाही. जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं. ते रॉकेलने, इथे ते मिळतं ‘केरोसिन’ म्हणून, धुऊन काढा आणि नवं भरा.

उलटं पायडल मारून लागणारा मागचा ब्रेक असेल, तर हबच्या डाव्या बाजूला एक पट्टी असते. ती फ्रेमला क्लिपने घट्ट बांधलेली असली पाहिजे. ती क्लिप हरवलेल्या सायकली मी पाहिल्यात. ब्रेक मारला की पट्टी गरकन फिरते आणि स्वार डांबरावर. चालवण्याआधी हे एवढं तरी तपासाच.

आता टायर. इथे सगळे फसतात, मीही फसलो. साध्या स्टिंग-रेच्या पुढच्या चाकावर ‘२० × १-३/४’ लिहिलेलं असतं. दुकानात ‘२० × १.७५’ मिळतो. गणितात दोन्ही एकच, पण सायकलीत नाही. अपूर्णांकवाल्या श्विन रिमची बैठक ४१९ मिलिमीटर व्यासाची, दशांशवाला टायर ४०६ चा. अर्धा तास दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन झगडलो, अंगठ्याची साल गेली, टायर काही चढला नाही. मागच्या चाकावर २.१२५ असेल तर ते मात्र ४०६ चंच असतं. म्हणजे एकाच सायकलीची वीस इंची दोन चाकं, दोन वेगळ्या मापांची! टायर मागवताना इंच विसरा, मिलिमीटरचा आकडा बघा.

नवी करायची असेल तर

संपूर्ण रिस्टोरेशन दोनच प्रसंगी शहाणपणाचं. एक, सायकल खरी क्रेट आहे, सगळे भाग हजर आहेत, आणि मूळ रंग आधीच कोणीतरी घालवलेला आहे. दुसरं, ती तुमच्या स्वतःच्या किंवा सासऱ्यांच्या लहानपणाची आहे आणि हिशेब करायचाच नाही. बाकी वेळी खर्च विक्रीतून निघत नाही.

पैसा रंगात जात नाही, क्रोममध्ये जातो. हँडल, मडगार्ड, सीटमागची उंच कमान, रिम, क्रँक, सगळं क्रोमचं. म्हणून रंगाच्या छटा निवडत बसण्याआधी क्रोमवाल्याकडून भाव आणा. तो आकडा ऐकून निम्मे लोक मागच्या रस्त्याला परत येतात.

जुना रंग खरवडताना मुलांना लांब ठेवा. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. ही सायकल त्याआधीची. कोरडं घासू नका, ओलं घासा, चांगला मास्क लावा आणि तो चोथा बागेत टाकू नका. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण थर जाड, त्यात ठोकलेला नंबर बुजतो. देण्याआधी नंबरावर पट्टी लावून घ्या.

नटवायची असेल तर

यावर इथले जुने लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ही सायकल जन्मलीच पोरांच्या उचापतीतून. कारखान्याने त्यांची नक्कल केली. पुढे लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत याच स्टिंग-रेच्या ‘लोरायडर’ झाल्या: पिळाचे क्रोम दांडे, मखमली सीट, एकेका चाकाला १४४ आरे. गणपतीच्या मिरवणुकीतला ट्रॅक्टर आठवावा अशी सजावट. ती कला आहे.

अट एवढीच, की त्यासाठी मूळ रंगातली पूर्ण क्रेट बळी देऊ नका. रंग उडालेली साधी स्टिंग-रे घ्या, नाहीतर हफी किंवा मरे. त्यांना बाजारात तसा भाव कमी, आणि प्रयोग करताना हात थरथरत नाही. ‘मुलींची’ म्हणून विकलेली श्विनची फेअर लेडीही चांगली. संग्राहक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, चालवायला मात्र तितकीच मजा.

वेल्डिंग आणि कापाकापी टाळा. नट-बोल्टने लागतं आणि निघतं तेच बदला. भाग मागवताना दोन मापं आधी घ्या. श्विनचा हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून फोर्कमध्ये उतरणारी दांडी, २१.१५ मिलिमीटरचा, बाजारातला नेहमीचा २२.२ चा, एक मिलिमीटरच, पण आत जात नाही. आणि एकसंध क्रँकला पायडल अर्ध्या इंचाच्या आट्यांचं लागतं, हल्लीचं नेहमीचं ९/१६ चं बसत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात, वर वर्ष लिहून.

विकायची असेल तर

विकण्यात कमीपणा नाही. सगळी जागा व्यापून बसलेली सायकल आणि रोज तिला अडखळणारी बायको, यात मी नेहमी बायकोच्या बाजूने.

भाव ठरवताना लोक काय मागताहेत ते बघू नका, माल शेवटी कितीला गेला ते बघा. ईबेवर विकून झालेल्या वस्तूंची यादी वेगळी दिसते, ती उघडा. ढोबळमानाने साधी स्टिंग-रे शेकड्यांत जाते, मूळ अवस्थेतली पूर्ण क्रेट हजारांत. सुटे भाग करून विकलं तर एकूण रक्कम बहुतेकदा जास्त येते. फ्रेम वाकलेली असेल तर तेच करा. चांगली पूर्ण सायकल फोडून विकायला माझा हात धजत नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

धुतलेली सायकल दाखवा, पण न धुतलेले पहिले फोटोही जोडा. नंबराचा, तळाच्या रंगाचा, चेनगार्डचा फोटो न मागता द्या. जे बदललंय ते स्वतःहून लिहा. जाणकार गिऱ्हाईक यावरूनच तुमच्याशी बोलायचं की नाही ते ठरवतं. पहिल्याच तासात कोणी "आत्ता येतो, रोख देतो" म्हणालं, तर तुम्ही भाव कमी सांगितलाय.

शक्यतो येऊन नेणारं गिऱ्हाईक बघा. पाठवायचीच वेळ आली, तर सायकलच्या दुकानातून रिकामं खोकं मागून आणा; बरेचदा फुकट देतात. पुढचं चाक, हँडल, सीट, पायडल आणि मागची कमान काढा. फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर वाटेत दबून येतो. क्रोमला क्रोम लागू देऊ नका, जुने टॉवेल गुंडाळा. काढलेला प्रत्येक नट ज्या बोल्टचा त्यावरच परत फिरवून ठेवा. चिकटपट्टी लावण्याआधी खोकं एकदा उभं करून हलवा. आत काही खुळखुळलं, तर उघडा आणि पुन्हा बांधा.